रोज एक मग पाणी: एका गॅलरीतल्या मेलेल्या झाडांचं प्रकरण

शेजारच्या काकांच्या गॅलरीत झाडं भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी धडधाकट आहेत. पुदिना कुंडीबाहेर सांडतो, मनी प्लांटने अर्धं ग्रिल व्यापलंय, पीस लिली फुलते, अंब्रेला पाम माणसाच्या खांद्याला लागलाय. आणि त्याच गॅलरीत वर्ष-दीड वर्षात दोन रोझमेरी, एक लॅव्हेंडर, एक जाड पानांचं जेड, एक हंसराज (नाजूक पानांचा नेचा) आणि एक छोटा गुलाब गेला. यातली रोझमेरी आणि जेड तर 'काही करावं लागत नाही' असं सांगून दिली जाणारी झाडं. काकांनी निष्कर्ष काढून ठेवला होता: "माझ्या हाताला ही झाडं लागत नाहीत, दुसरं काय!"

मला हे पटेना. ज्या माणसाला झाडं जमत नाहीत त्याची सगळीच झाडं जातात, आणि जो दुर्लक्ष करतो त्याचा पुदिना आधी वाळतो. इथे तसं काहीच नव्हतं. एकाच माणसाकडे काही झाडं माजतात आणि काही मरतात, तेव्हा तो माणूस नेमकं काय करतो आणि ते कुणाला मानवतं, हे पाहायला हवं.

दिनक्रम आणि कुंड्या

काका सकाळी फिरून आले की पाणी घालतात. अर्ध्या लिटरचा प्लास्टिकचा मग आहे. डावीकडून सुरुवात, प्रत्येक कुंडीला एक मग, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. खाडा नाही. गावाला गेले तर वॉचमनला किल्ली देऊन जातात आणि त्यालाही हाच हिशोब समजावून सांगितलेला असतो.

कुंड्या बहुतेक दहा इंची, प्लास्टिकच्या. मिश्रण सगळीकडे एकच: अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धं गांडूळखत. तळाशी निचऱ्यासाठी म्हणून दोन बोटं खडीचा थर आणि कुंडीखाली ताटली. ऊन सकाळी चार-पाच तास मिळतं, पण ते ग्रिलजवळ. आतल्या भिंतीशी ठेवलेल्या कुंड्यांना उजेड मिळतो, ऊन जवळजवळ नाही. एकटा हंसराज चार इंची मातीच्या टांगत्या कुंडीत होता, ग्रिलच्या कोपऱ्यात, जिथे वारा सगळ्यात जास्त.

काकांनी आधी जे जे संशयित धरले होते तेही सांगायला हवं, कारण बहुतेक जण याच क्रमाने जातात. पहिल्यांदा खत कमी पडलं असेल म्हणून खत वाढवलं. मग कीड असेल म्हणून कडुलिंबाच्या तेलाची फवारणी केली. मग कुणीतरी बुरशी म्हणाल्यावर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पूड पाण्यात कालवून ओतली. शेवटी नर्सरीवर खापर फुटलं. पाणी कमी पडत असेल अशी शंका अधूनमधून यायचीच, कारण झाड मान टाकत होतं. मान टाकलेलं झाड दिसलं की माणूस पाणीच घालतो. काकांनी त्या दिवशी दोन मग घातले.

उपटून पाहिलेली रोझमेरी

दुसरी रोझमेरी नुकतीच तपकिरी पडली होती आणि अजून कुंडीतच होती, हे नशीब. मेलेलं झाड लोक लगेच फेकून देतात आणि सगळा पुरावा त्याच्याबरोबर जातो.

आधी कुंडी उचलून पाहिली. वरचं कोकोपीट फिकट आणि कोरडं, बोटाला भुसभुशीत लागणारं, पण कुंडी मात्र भलतीच जड. लाकडी काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढली तर वरची दोन इंच कोरडी आणि त्याखाली सगळी काळपट ओली. "बोटाने माती बघा, कोरडी असेल तर पाणी द्या" हा सल्ला काकांनी पाळलाच होता. पण कोकोपीट वरून लवकर सुकतं आणि आत स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून बसतं. बोट जेवढं आत जातं तेवढ्यावर भरवसा ठेवला की फसगत ठरलेली.

झाड ओढल्याबरोबर हातात आलं. निरोगी रोझमेरी दीड वर्षाने अशी निघत नाही, मुळांनी कुंडीची आतली बाजू पकडलेली असते. इथे मुळं फक्त मधल्या मुठीएवढ्या गोळ्यात होती, म्हणजे नर्सरीतून आली तेवढ्यातच, आणि बाहेरच्या मिश्रणात जेमतेम उतरलेली. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत बारीक दोरा उरला. खालच्या भागाला आंबूस, गटारासारखा वास. खडीच्या थराच्या बरोबर वर, मिश्रणाचा दीड-दोन इंचांचा पट्टा पिळला तर पाणी ठिबकत होतं.

ही मूळकूज. पण तिला कारण म्हणून थांबणं मला पुरेसं वाटत नाही, कारण मुळं कुजण्याआधी ती गुदमरलेली असतात. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मातीतल्या हवेच्या पोकळ्यांमधून येतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन पाण्यातून झिरपत यावा लागतो, आणि पाण्यात त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट मंद असतो. मुळांची ऊर्जा आटते, पाणी आत घेण्याचे त्यांच्या पेशींमधले मार्ग बंद होऊ लागतात आणि पाण्यात बसलेलं झाड तहानेने मान टाकतं. काकांच्या दोन मगांचं गणित इथे चुकत होतं. झाडाचं वागणं खरंच पाणी न मिळाल्याचं होतं, फक्त त्यावर आणखी पाणी हा उपाय नव्हता.

गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम आणि फायटोफ्थोरा यांसारखे जीव चढाई करतात. सवयीने आपण त्यांना बुरशी म्हणतो, पण त्यांचं नातं खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शेवाळांशी जवळचं आहे. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशींवर काम करतं, यांच्यावर नाही. म्हणजे काकांनी ओतलेलं औषध बिनकामाचं होतं आणि ते ओतताना गेलेलं पाणी मात्र त्या जीवांच्या सोयीचं.

रोझमेरीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिची सुईसारखी पानं चिवट आणि कमी पाणी उडवणारी असल्यामुळे मुळं मेल्यानंतरही बरेच दिवस हिरवी राहतात. काकांचं म्हणणं होतं की झाड "एका आठवड्यात गेलं". गेलं होतं आधीच, दिसलं त्या आठवड्यात. त्यामुळे त्या आठवड्यात काय बदललं, हे शोधण्यात त्यांनी बराच वेळ घालवला. शिवाय रोझमेरी आणि लॅव्हेंडर दोन्हींच्या जुन्या, पानं झडलेल्या लाकडातून सहसा नवीन फूट येत नाही. म्हणून "छाटून बघूया, फुटेल" हा जास्वंदीला चालणारा उपाय इथे चालत नाही.

खडीचा थर

यावर आमचा सगळ्यात जास्त वाद झाला. तळाशी खडी टाकली की निचरा होतो, हे काकांनी सगळीकडे वाचलं होतं. नर्सरीवालाही तेच सांगतो.

बारीक कणांच्या मिश्रणातलं पाणी सहजासहजी मोठ्या पोकळ्या असलेल्या खडीत उतरत नाही. बारीक छिद्रं पाण्याला धरून ठेवतात. वरचा थर पूर्ण भिजून ठिबकायला लागला की मगच पाणी खाली जातं. म्हणजे कुंडीच्या तळाशी कायम राहणारा चिंब पट्टा खडीमुळे जात नाही, तो वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. त्या पट्ट्याची उंची मिश्रण किती बारीक आहे यावर ठरते, खाली खडी आहे की नाही यावर नाही.

काकांना शब्दांनी पटलं नाही. मग भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला. थोडं पाणी गळलं आणि थांबलं. तोच स्पंज, न पिळता, उभा केल्याबरोबर पुन्हा धार लागली. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची बदलली. उथळ कुंडीत चिंब पट्टा कुंडीचा मोठा हिस्सा खातो, उंच कुंडीत छोटा. आणि खडी टाकून आपण कुंडी उथळ करत असतो. काका थोडा वेळ स्पंज उलटसुलट करत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी खडी वाहत होतो!"

मग बाकीची कशी जगली?

जगलेल्यांची यादी मेलेल्यांच्या यादीइतकीच बोलकी आहे. अंब्रेला पाम पाणथळ जागेचं झाड. त्याच्या देठामुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्यांची ऊती असते, त्यामुळे तो थेट पाण्यातही उभा राहतो. पुदिना ओढ्याकाठचा. पीस लिली दमट जंगलाच्या सावलीतली. मनी प्लांट तर बाटलीभर पाण्यात वर्षानुवर्षं राहतो. काकांच्या मगाने दीड वर्षात एक निवड केली होती: ओले पाय सहन करणारे राहिले, बाकीचे गेले. रोझमेरी आणि लॅव्हेंडर भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या उतारांवरची झाडं. जेड दक्षिण आफ्रिकेतलं. ते पानांची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, पाणी जपून वापरतं, त्यामुळे त्याची कुंडी वाळायलाच वेळ लागतो. अशा झाडाला रोज अर्धा लिटर!

त्यात जेड आतल्या भिंतीशी होतं. उजेडाचा आणि पाण्याचा संबंध बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण आपले डोळे फार लवकर जुळवून घेतात. भर उन्हात उजेड साधारण 1,00,000 लक्स असतो, घरातल्या आपल्याला लख्ख वाटणाऱ्या कोपऱ्यात तो काही शे ते एखाद-दोन हजार लक्सवर येतो. उजेड कमी म्हणजे झाडाचं काम कमी, काम कमी म्हणजे पाण्याची उचल कमी. ग्रिलजवळ जेमतेम खपलेला मग भिंतीशी तसाच साचून राहतो. जेडची पानं पिवळट, पारदर्शक झाली होती आणि नुसता धक्का लागला तरी गळत होती. पाणी कमी पडलं असतं तर ती सुरकुतली असती. हा फरक बोटांना लगेच कळतो.

छोट्या रोपाला मोठी कुंडी हेही यातच आलं. "मोकळं वाढू दे" म्हणून काकांनी मुठीएवढ्या मुळांना दहा इंची कुंडी दिली. मुळं पोचली नव्हती त्या भागातलं पाणी पिणारं कुणीच नव्हतं.

दोन प्रेतं जी या हिशोबात बसत नाहीत

सगळ्यांवर 'जास्त पाणी' असा शिक्का मारून मोकळं होणं सोपं होतं. पण हंसराज तहानेने मेला होता. त्याची पानं पातळ, एकदा वाळून कुरकुरीत झाली की परत हिरवी होत नाहीत. चार इंची मातीची कुंडी, भिंतींमधूनही पाणी उडणारी, वाऱ्यात टांगलेली. सकाळचा मग दुपारपर्यंत संपत होता. नंतर तर मुळांचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटला होता. अर्धा लिटर पाणी त्या फटीतून सरळ खाली गळायचं. काकांना खालून पाणी येताना दिसायचं आणि पोट भरलं असं वाटायचं. तोच मग, त्याच वेळी, एका झाडाला बुडवत होता आणि दुसऱ्याला उपाशी ठेवत होता.

गुलाबाचं प्रकरण वेगळंच. पानांवर बारीक पिवळट ठिपके होते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली तर धुळीएवढे ठिपके पडले आणि चालायला लागले. लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. पानांच्या मागे बारीक जाळी होती. शिवाय अशा छोट्या गुलाबांच्या कुंडीत झाड भरगच्च दिसावं म्हणून तीन-चार फांद्या एकत्र लावलेल्या असतात. त्या पुढे एकमेकींच्या जिवावर उठतात. पाण्याशी याचा फारसा संबंध नव्हता. कोळी पसरू नयेत म्हणून पीस लिलीची पानं पुसून काढली, गुलाब टाकून दिला.

उपाय: माणूस बदलायचा की कुंडी?

सरळ सल्ला असतो: पाणी कमी करा. तो काकांना आधीही मिळाला होता. त्यांनी चार दिवस पाळलाही. पण सकाळी मग घेऊन फिरणं हा त्यांच्या दिवसाचा भाग आहे, आणि रोझमेरीसमोरून मग न वाकवता पुढे जाणं त्यांना जमत नाही. "ती बघत असते रे," असं ते म्हणाले. अशा माणसाला आठवड्यातून एकदा पाणी घाला म्हणणं फुकट आहे. त्याच्या सवयीला झेपेल अशी कुंडी करणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत होतं आणि आहे. कमी पाणी घालणं हे दर सकाळी नव्याने जमवावं लागतं. मिश्रण एकदाच बदलावं लागतं.

रोझमेरीच्या शेंड्यांच्या निरोगी फांद्या एका ओळखीच्यांकडून आणल्या, खालची पानं काढून ओलसर पर्लाइटमध्ये (हलक्या, सच्छिद्र पांढऱ्या खनिज कणांत) लावल्या. मुळं धरल्यावर दोन सारखी रोपं निवडली. एक जुन्या पद्धतीने प्लास्टिकच्या कुंडीत, कोकोपीट-गांडूळखतात, खडीसकट. दुसरं सहा इंची मातीच्या कुंडीत. तिच्यात एक भाग कोकोपीट-खत आणि दोन भाग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे व जाड वाळू, चाळून धूळ काढलेली. खडीचा थर नाही, ताटली नाही. बारीक वाळू मुद्दाम टाळली, कारण ती पोकळ्या भरून टाकते आणि मिश्रण सिमेंटसारखं बसतं. दोन्ही ग्रिलजवळ, शेजारी शेजारी. काकांना एकच सूचना: नेहमीसारखा रोज एक मग.

त्यांना हे सगळ्यात आवडलं.

जुन्या पद्धतीच्या रोपाचे शेंडे काही महिन्यांतच मलूल झाले, खालची पानं काळी पडून झडली. मातीच्या कुंडीतल्या रोपाने तेवढ्यात दोन नव्या फांद्या काढल्या. मुळं पाहायला दोन्ही बाहेर काढली. एकाची परत तीच काळी मोजेवाली मुळं, दुसऱ्याची पांढरट, विटांच्या तुकड्यांना घट्ट चिकटलेली, सोडवताना तुकडे बरोबर येणारी. दोनच रोपांवरून मोठा सिद्धांत मांडता येणार नाही हे खरं, पण मुळांकडे पाहिल्यावर काकांना सिद्धांताची गरज उरली नाही.

या उपायाची किंमतही आहे. रोजच्या पाण्याबरोबर खत वाहून जातं. रोझमेरीला ते फारसं लागत नाही म्हणून निभावतं, गुलाबाला ही कुंडी दिली तर तो उपाशी राहील. घरात कुणी नसेल तर अशी कुंडी दोन दिवसांत ठणठणीत होते. आणि मिश्रणातलं कोकोपीट दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होतं, पोकळ्या बुजतात, तेव्हा कुंडी पुन्हा भरावी लागते.

जेडसाठी वेगळा मार्ग काढला. कुजलेला भाग कापत कापत वर गेलो. कापावर तपकिरी वर्तुळ दिसत होतं तोपर्यंत आणखी कापलं, काप स्वच्छ हिरवा आल्यावर थांबलो. तुकडा काही दिवस सावलीत सुकू दिला, कापावर कोरडी खपली धरल्यावर खरबरीत मिश्रणात टोचला. कुंडी मात्र गॅलरीत परत ठेवली नाही. ती काकूंच्या खोलीतल्या उन्हाच्या खिडकीत गेली, जिथे मग जात नाही. काकूंना झाडांची अजिबात हौस नाही, पाणी घालायचं त्या विसरतात. जेडला याहून चांगली मालकीण मिळाली नसती.

हंसराजाची वाळलेली पानं मातीलगत कापली आणि कुंडी टाकून न देता पाण्यात बुडवून गोळा पुन्हा भिजवला. जमिनीतला कंद जिवंत होता. पुढे गुंडाळलेले कोंब वर आले. आता तो प्लास्टिकच्या मोठ्या कुंडीत, जुन्याच कोकोपीटच्या मिश्रणात, अंब्रेला पामच्या आडोशाला आहे. काकांच्या रोजच्या मगाला त्या गॅलरीत याच्याइतकं लायक झाड दुसरं नाही.

लॅव्हेंडर जमलं नाही. नवं रोप रोझमेरीसारख्याच कुंडीत लावलं, कोरड्या हवेत छान वाढलं, एकदा फुललंही. मग दमट महिने आले. रात्रीसुद्धा हवा गरम आणि ओली. झुडपाच्या आतली, एकमेकींना चिकटलेली पानं करडी होऊन कुजली आणि कूज फांद्यांत उतरली. मुळं यावेळी पांढरी होती, मिश्रणाचा दोष नव्हता. हे अरुंद पानांचं, थंड हिवाळा मागणारं लॅव्हेंडर होतं आणि अशा हवेत कुंडी कितीही चांगली असली तरी ते तग धरेल याची खात्री मी कुणाला देणार नाही. दातेरी कडांच्या पानांचं लॅव्हेंडर त्यातल्या त्यात दमटपणा सोसतं. काकांना तेच हवंय आता. मी सांगितलंय की झुडूप आतून विरळ ठेवायचं, भिंतीपासून लांब ठेवायचं, आणि दमट महिने सुरू होण्याआधी चार फांद्या छाटून मुळं धरायला लावून ठेवायच्या, म्हणजे मूळ झाड गेलं तरी रोप हातात राहील. त्यांनी कुंडी विकत आणून ठेवली आहे. तळाशी खडी घातलेली नाही, हे मी पाहून आलो.